गाठीला पहिली सुई कोणी लावायची?

लहान मुलांच्या अंगावर येणाऱ्या गाठी आणि त्यांतून क्वचित निघणारा मृदू ऊतींचा कर्करोग या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. स्नायू, चरबी, कंडरा, रक्तवाहिन्या, नसांची आवरणे या सगळ्यांना मिळून मृदू ऊती म्हणतात, आणि त्यांतून उद्भवणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा. मुलांमध्ये यांपैकी सर्वांत जास्त आढळतो तो ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. ग्रीक भाषेत ‘ऱ्हॅब्डॉस’ म्हणजे काठी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या स्नायूपेशींच्या पट्ट्यांवरून हे लांबलचक नाव पडले. मुलांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात तीन-चार एवढाच आहे. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात असा एकही रुग्ण पाहिलेला नसणे अगदी शक्य आहे, आणि खालील पत्रांतील बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : माझी नात पाच वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी ती झोक्यावरून पडली आणि त्यानंतर तिच्या मांडीत लिंबाएवढी गाठ दिसू लागली. गाठ दुखत नाही. घरी लेप लावले, गावातल्या एकाने बिब्बाही लावला. आता डॉक्टर म्हणतात की सुईने तुकडा काढून तपासू. घरातील सर्वांचे म्हणणे आहे की गाठीला लोखंड लागले की कॅन्सर पसरतो. काय करावे? (एक आजोबा, सातारा जिल्हा)

उत्तर : आजोबा, पडल्यामुळे असा कर्करोग होत नाही. मूल पडते, आई तेल लावायला पाय हातात घेते आणि आधीपासून असलेली गाठ त्या दिवशी पहिल्यांदा बोटांना लागते, असेच बहुधा घडते. मार लागून साकळलेले रक्त काही आठवड्यांत ओसरते. तीन महिन्यांत ते वाढत जात नाही. आपल्या नातीची गाठ वाढली आहे की तेवढीच आहे, हे आपण लिहिलेले नाही, पण डॉक्टरांना सर्वांत आधी तेच सांगावे.

मुलांच्या अंगावरील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. सर्दी-खोकल्यानंतर मानेत लागणाऱ्या वाटाण्याएवढ्या गाठी, चरबीच्या मऊ गाठी, जन्मानंतर काही आठवड्यांत उगवून पुढे आपोआप विरणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या लालसर गाठी, यांना घाबरण्याचे कारण नसते. संशय घ्यावा तो घट्ट, खोलवर स्नायूत रुतलेल्या, आठवड्यागणिक वाढणाऱ्या किंवा काढून टाकल्यावर पुन्हा उगवलेल्या गाठीचा. ती दुखत नाही, ही समाधानाची बाब आपल्याकडे समजली जाते. प्रत्यक्षात सार्कोमाच्या गाठी बहुतेक वेळा दुखतच नाहीत आणि म्हणूनच घरात महिनोन्‌महिने खपून जातात.

बिब्बा आणि लेप आजच थांबवावेत. बिब्ब्याने कातडी भाजते, तिथे पू होतो, आणि मग खालची गाठ कशाची आहे हे ना हाताला नीट कळते ना चित्रात.

आता लोखंडाविषयी. ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. पूर्वी गाठ काय आहे हे न तपासता ती चिरून अर्धवट काढली जात असे, उरलेला भाग काही आठवड्यांत दुप्पट वेगाने वाढल्यासारखा दिसे आणि दोष सुरीला लागे. गाठ वाढत होती ती तिच्या स्वभावाने. चूक सुरीची नव्हती, तपासाआधी सुरी चालवण्याची होती. जाड पोकळ सुईने दोन-चार बारीक तुकडे काढून केलेली बायोप्सी योग्य हातांनी झाली तर तिने रोग पसरत नाही, आणि तिच्याशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

परंतु ही सुई कोणी आणि कधी लावायची, याला मोठे महत्त्व आहे. आधी एमआरआय, मग बायोप्सी हा क्रम पाळावा, कारण सुईनंतरची सूज आणि रक्तस्राव यांमुळे गाठीच्या खऱ्या कडा चित्रात पुसट होतात. सुई अशा रेषेतून जायला हवी की पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर सुईची वाटही गाठीबरोबर काढून टाकता येईल. ही रेषा आखण्याचा अधिकार पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचा असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या ठिकाणी मुलांच्या कर्करोगावर पूर्ण उपचार होतात, तिथेच पहिली सुई लागावी. आपल्या डॉक्टरांनी बायोप्सीचा सल्ला दिला तो योग्यच आहे. ती आपल्या गावी न करता मोठ्या केंद्रात करावी, एवढीच माझी दुरुस्ती आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा मुलांचा कर्करोग विभाग असलेले कोणतेही वैद्यकीय महाविद्यालय यासाठी चालेल. दोन आठवड्यांच्या आत हे व्हावे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या वृषणाजवळ सूज होती. हायड्रोसील (वृषणाभोवती साठलेले पाणी) समजून अंडकोशावर छेद देऊन ती काढली. अहवालात ‘पॅराटेस्टिक्युलर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा’ असे आले. सर्जन म्हणतात की गाठ पूर्ण निघाली आहे, आता काळजी नको. दुसरे डॉक्टर म्हणतात की किमो घ्यावीच लागेल. गाठ निघाली असेल तर किमो कशासाठी? (एक वडील, सोलापूर)

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. या रोगाचे स्वरूपच असे आहे की गाठ दिसू लागते तोपर्यंत तिच्या काही पेशी, कोणत्याही स्कॅनमध्ये न सापडणाऱ्या, रक्तावाटे शरीरात गेलेल्या असू शकतात. शस्त्रक्रिया डोळ्यांना दिसणारा रोग काढते; न दिसणाऱ्यासाठी औषध लागते. १९६०च्या दशकापर्यंत, म्हणजे मुख्य भिस्त शस्त्रक्रियेवर होती तेव्हा, या रोगाच्या चार मुलांपैकी जेमतेम एक वाचत असे. १९७२ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन या एकाच रोगाचा सामाईक अभ्यास सुरू केला. प्रत्येक रुग्णालयाकडे वर्षाकाठी दोन-चारच मुले येत असल्यामुळे एकट्यादुकट्याला काही शिकणे शक्यच नव्हते. त्या अभ्यासांच्या मालिकेतून व्हिन्क्रिस्टीन, ॲक्टिनोमायसीन आणि सायक्लोफॉस्फामाइड या तीन औषधांचा पाया पक्का झाला. युरोपात तिसऱ्याच्या जागी आयफॉस्फामाइड वापरतात. आज रोग एकाच जागी असलेल्या मुलांपैकी साधारण सत्तर टक्के बरी होतात, आणि तुमच्या मुलाची जागा तर या रोगाच्या सर्वांत सोप्या जागांपैकी आहे. वृषणाशेजारचा रोग पसरलेला नसेल तर नव्वद टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. मात्र हा आकडा औषध घेतलेल्या मुलांचा आहे, हे विसरू नये.

आता छेदाविषयी थोडे कटू बोलावे लागेल. वृषणाजवळील घट्ट गाठीची शस्त्रक्रिया जांघेतून करायची असते, अंडकोशावर छेद देऊन नव्हे. जांघेतून आत शिरल्यावर वृषणाला रक्त पुरवणारी दोरी आधी वरच बांधता येते आणि गाठ, वृषण व दोरी अखंड बाहेर येतात. अंडकोशाच्या त्वचेतून गेल्यास रोगाच्या पेशी त्या त्वचेत सांडण्याची भीती असते. शिवाय त्या त्वचेची लसिका जांघेतल्या ग्रंथींकडे जाते, तर वृषणाची पोटातल्या ग्रंथींकडे, म्हणजे रोगाला एक जादा वाट मिळते. हायड्रोसील समजून झालेली चूक समजण्यासारखी आहे, कारण शंभरात नव्याण्णव वेळा ते हायड्रोसीलच असते. पण शस्त्रक्रियेपूर्वी अंधारात टॉर्च लावून आणि सोनोग्राफी करून पाणी आहे की मांस, हे पाहता येते. वाचकांपैकी ज्यांच्या मुलावर अशी शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी सोनोग्राफी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

तुमच्या बाबतीत झाले ते निस्तरता येते. मोठ्या केंद्रातील सर्जन राहिलेली दोरी व जुनी जखम पुन्हा काढायची का, हे ठरवतील. छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन होईल. मुलगा दहा वर्षांच्या पुढचा असता तर पोटातल्या ग्रंथींचे नमुनेही घ्यावे लागले असते. सातव्या वर्षी स्कॅन स्वच्छ असेल तर सहसा ती वेळ येत नाही.

जाताना अहवालाचा कागद घेऊन जाणे पुरेसे नाही. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथून गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. ते तुमच्या मुलाच्या शरीराचे आहेत आणि मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मोठ्या केंद्रातील पॅथॉलॉजिस्ट त्या ब्लॉकवर डेस्मिन, मायोजेनिन ही स्नायूपेशींची प्रथिने दाखवणारे रंग चढवून निदान पुन्हा पडताळतात आणि फॉक्सओ१ हे जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला चुकीचे जोडले गेले आहे का, हेही पाहतात. ही जोड सापडली तर रोग अधिक आक्रमक मानून उपचारही कडक करतात. वृषणाजवळच्या गाठींत ती क्वचितच सापडते. ब्लॉक हरवला तर हे सगळे करायला काहीच उरत नाही, म्हणून तो प्रवासात उन्हात ठेवू नका, पिशवी हातातच ठेवा.

प्रश्न : माझ्या भावाच्या तीन वर्षांच्या मुलाला हा रोग झाला आहे. माझी आई चौतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली. वहिनीला नातेवाईक म्हणतात की गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले. खरे कारण काय असेल? (मुलाची आत्या, नाशिक)

उत्तर : आधी वहिनींना सांगा की ग्रहण, पपई, उपास, भाजी यांपैकी कशाचाही या रोगाशी संबंध नाही. बहुतेक मुलांत हा रोग वाढत्या स्नायूपेशींच्या विभाजनात योगायोगाने झालेल्या चुकीतून उद्भवतो. आईवडिलांनी काही केले असते तर तो टळला असता, असे दाखवणारे काहीही आढळलेले नाही.

तरीही तुमचे पत्र वाचून मी थांबलो, ते तुमच्या आईच्या वयामुळे. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी नेमक्या याच रोगाच्या मुलांची कागदपत्रे तपासताना असे पाहिले की काही घराण्यांत एका मुलाला सार्कोमा, त्याच्या भावंडाला किंवा चुलतभावंडाला सार्कोमा आणि तरुण वयातच स्त्रियांना स्तनाचा कर्करोग, अशी साखळी पुन्हा पुन्हा येते. पुढे १९९० मध्ये कळले की अशा घराण्यांत टीपी५३ नावाच्या जनुकात जन्मजात दोष असतो. हे जनुक एरवी बिघडलेल्या पेशीला आवरण्याचे काम करते. ‘ली-फ्रॉमेनी’ असे त्या अवस्थेचे नाव पडले.

तुमच्या घरी हेच आहे, असे मी म्हणत नाही. चौतिसाव्या वर्षीचा स्तनाचा कर्करोग इतर कारणांनीही होतो. पण मुलाच्या डॉक्टरांना आजीची हकिगत अवश्य सांगा, आणि बायोप्सीच्या अहवालात ‘ॲनाप्लास्टिक’ (पेशींची केंद्रके फार मोठी व वेडीवाकडी असणे) हा शब्द आहे का, ते विचारा. अगदी लहान वयात हा शब्द आला की टीपी५३ची रक्ततपासणी विशेषच महत्त्वाची ठरते. तपासणीचा उपयोग केवळ माहितीपुरता नाही. दोष सापडला तर डॉक्टर रेडिएशन शक्य तितके टाळतात, कारण अशा मुलांमध्ये रेडिएशनच्या जागी पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो. हा दोष आजीकडून वडिलांकरवी आलेला निघाला तर भावाची आणि तुमचीही नियमित तपासणी सुरू करावी लागेल. तपासणीआधी अनुवंशशास्त्राच्या समुपदेशकाशी बसून बोला. लहान पुतण्याची चिंता असताना आपलाच निकाल हातात घेणे सोपे नसते.

प्रश्न : माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी किमोथेरपीनंतर शाळेत परत येणार आहे. काही पालक मुलांना तिच्या शेजारी बसू द्यायला तयार नाहीत. (शिक्षिका, धाराशिव)

उत्तर : कर्करोग संसर्गजन्य नाही. धोका आहे तो उलट्या दिशेने : वर्गातील कांजिण्या, गोवर किंवा साधा तापही त्या मुलीला महागात पडू शकतो. वर्गात कांजिण्या निघाल्याचे कळले तर त्याच दिवशी तिच्या आईवडिलांना फोन करा. टोपी किंवा रुमाल बांधून बसण्याची परवानगी, मधूनच पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मोकळीक आणि कवायतीतून सूट एवढे केले तरी पुष्कळ आहे. पालकसभेत हे तुम्हीच सांगा. डॉक्टरांच्या पत्रापेक्षा शिक्षिकेचे बोलणे पालक अधिक मानतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलीचा डावा डोळा पंधरा दिवसांत पुढे आला. आधी डोळ्याचा संसर्ग समजून औषधे झाली. आता खोबणीतला ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा असल्याचे निदान आहे. डॉक्टर डोळा न काढता किमो आणि लाइट द्या म्हणतात. सासरची मंडळी म्हणतात की डोळा काढून टाका, जीव तरी वाचेल. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : सासरच्या मंडळींचे म्हणणे साठ वर्षांपूर्वी शास्त्रालाही मान्य होते. तेव्हा डोळा आणि खोबणीतील सगळे मांस खरवडून काढत, आणि तरीही पुष्कळ मुले दगावत. औषधे आणि रेडिएशन एकत्र दिल्यावर हे चित्र पालटले. खोबणीपुरता मर्यादित असलेला रोग आता नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांमध्ये बरा होतो, तोही डोळा जागेवर ठेवून. डोळा काढण्याची वेळ उपचारांना दाद न मिळाल्यास किंवा रोग उलटल्यास येते. डॉक्टरांनी सांगितले ते करा.

आधी संसर्ग समजला गेला याचा फार राग धरू नका. खोबणीतल्या संसर्गानेही डोळा असाच पुढे येतो आणि लाल होतो. फरक एवढाच की योग्य प्रतिजैविकाने दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा. तो न पडल्यास स्कॅनला उशीर करू नये. कान वाहणे थांबत नसेल आणि आत मांस दिसत असेल, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, लघवी अडत असेल किंवा लहान मुलीच्या योनीमार्गातून द्राक्षांच्या घोसासारखे काही बाहेर येत असेल, तर तिथेही हाच नियम लागू होतो. मूत्राशयात किंवा पित्तनलिकेत हाडांना जोडलेला स्नायू नसतो. तरीही हा रोग तिथे होतो, म्हणून नावावर विसंबून जागा ठरवता येत नाही.

लाइट, म्हणजे रेडिएशन, साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असते. प्रत्यक्ष वेळ काही मिनिटांचाच, पण डोके तसूभरही हलता कामा नये म्हणून चेहऱ्याचा साचा बनवतात. सहा वर्षांची मुलगी समजावल्यावर बहुधा स्वस्थ पडते. त्याहून लहान मुलांना रोज थोडी भूल द्यावी लागते. पुढे त्या डोळ्यात मोतीबिंदू होणे, डोळा कोरडा पडणे आणि त्या बाजूचे हाड कमी वाढल्यामुळे चेहरा थोडा असमान दिसणे शक्य आहे. यांतील मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होते, कोरडेपणाला थेंब आहेत. निरोगी भागावरचा मारा कमी करणारी प्रोटॉन किरणांची सोय २०२३ पासून खारघर येथील टाटा केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत आहे. ती तुमच्या मुलीसाठी लागू आहे का, हे विचारा, पण तिची वाट पाहत ठरलेले वेळापत्रक लांबवू नका.

प्रश्न : मुलाची किमो मुंबईत चालू आहे. दोन डोसांच्या मध्ये गावी आलो की ताप येतो आणि इथले डॉक्टर हात लावायला घाबरतात. पैसेही संपत आले. शिवाय वर्ष संपत आले असताना डॉक्टर आणखी सहा महिने औषध द्यायचे म्हणतात. (एक वडील, नांदेड जिल्हा)

उत्तर : तापाचे आधी. किमोनंतर सात ते चौदा दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि त्या काळातील १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप ही तातडीची अवस्था आहे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. मुंबईच्या डॉक्टरांकडून आजच एक पत्र लिहून घ्या : मुलाला कोणता रोग आहे, कोणती औषधे चालू आहेत, ताप आल्यास कोणते प्रतिजैविक शिरेतून कोणत्या मात्रेत लगेच सुरू करायचे आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. हे पत्र आणि शेवटचा रक्ताचा अहवाल प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा. गावचे डॉक्टर घाबरतात ते अज्ञात जबाबदारीला. कागद हातात असला की पहिली सलाइन लावायला बहुतेक जण तयार होतात. मुंबईला निघायचे ते पहिला डोस गेल्यावर. व्हिन्क्रिस्टीनने बद्धकोष्ठ होते आणि पाऊल लुळे पडल्यासारखे वाटते. मूल अडखळू लागले तर तेही फोनवर सांगा. उपचार चालू असताना मुलाला जिवंत लसी देऊ नयेत, आणि त्याच्या धाकट्या भावंडाला तोंडावाटे पोलिओचा डोस द्यायचा असेल तर आधी विचारावे.

पैशाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाच्या किमो, रेडिएशन व शस्त्रक्रिया तिच्यात येतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन या योजनेचे काम पाहणाऱ्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. तरीही खर्च उरला तर समाजसेवकांच्या खोलीत जा. टाटा स्मारकात मुलांसाठी मदत उभी करणारा ‘इम्पॅक्ट’ नावाचा स्वतंत्र विभागच आहे. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अनेकांना ठाऊक आहेत. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून विनामूल्य खोल्या देते. तिकडे थेट जाऊन उपयोग नाही, रुग्णालयाची चिठ्ठी लागते. रेल्वेत शयनयान वर्गात रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. तिचा छापील अर्ज रुग्णालयातच भरून मिळतो.

राहिले ते सहा महिने. युरोपातील डॉक्टरांनी जास्त धोक्याच्या गटातील मुलांचे, नेहमीचे उपचार संपल्यावर, दोन भाग केले. एका भागात उपचार थांबवले, दुसऱ्यात व्हिनोरेलबिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची सौम्य मात्रा सहा महिने चालू ठेवली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या भागात ७३.७ टक्के होते, तर दुसऱ्यात ८६.५ टक्के. या रोगात तीन दशकांत एवढा फरक पाडणारे दुसरे काही निघाले नव्हते. ही औषधे जुनी व तुलनेने स्वस्त आहेत आणि मूल बहुतांश घरीच राहू शकते. थकून मध्येच सोडू नका.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या तीन महिन्यांच्या बाळाच्या दंडावर मोठी लाल गाठ होती. आधी रक्तवाहिन्यांची गाठ म्हणाले, आता ‘इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा’ म्हणतात आणि तोंडाने घ्यायचे औषध सुरू केले आहे. एवढ्याशा बाळाच्या कॅन्सरला नुसते औषध पाजून भागेल का? (आजी, पुणे)

उत्तर : आजी, हा रोग ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाहून वेगळा आहे आणि नाव भयंकर असले तरी स्वभावाने पुष्कळ मवाळ आहे. तो बहुधा पहिल्या वर्षातच होतो, झपाट्याने वाढतो, पण दूर क्वचितच पसरतो. दिसायला तो रक्तवाहिन्यांच्या गाठीसारखाच असल्यामुळे ती चूक जगभर होते.

यातील बहुतेक गाठींत दोन जनुके तुटून एकमेकांना चुकीची जोडली गेलेली असतात, हे १९९८ मध्ये सापडले. त्यांपैकी एनटीआरके३ या जनुकाचे बटण या जोडणीमुळे कायम चालू राहते. तुमच्या नातवाला दिलेले औषध बहुधा लॅरोट्रेक्टिनिब असावे. ते नेमके हे बटण बंद करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याला मंजुरी दिली, आणि ती अवयवावरून नव्हे तर या जनुकीय जोडणीवरून दिली, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. मुलांवरील पहिल्या अभ्यासात अशी जोडणी असलेल्या १५ मुलांपैकी १४ जणांच्या गाठी लक्षणीय आटल्या. ते द्रवरूपातही मिळते, म्हणून बाळाला पाजता येते. गाठ आटल्यावर उरलेला भाग हात शाबूत ठेवून काढता येतो का, हे डॉक्टर पाहतील. पूर्वी अशा काही बाळांचे हात-पाय कापावे लागत. भारतात या औषधाचा खर्च फार असल्याने येथे बहुतेक वेळा व्हिन्क्रिस्टीन व ॲक्टिनोमायसीन या जुन्या जोडीने उपचार सुरू होतात, आणि त्यांनाही ही गाठ सहसा चांगली दाद देते.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. पाचव्या वर्षी माझ्या ओटीपोटातील सार्कोमावर किमो आणि रेडिएशन झाले. आता मला काहीही त्रास नाही. घरात लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी मला काही तपासण्या करून घ्याव्यात का? (एक विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : हा रोग उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, तुला चौदा वर्षे झाली आहेत, त्यामुळे त्याची धास्ती नको. तपासण्या करायच्या त्या उपचारांच्या परिणामांसाठी. त्यासाठी पहिली गरज आहे ती तुझ्या जुन्या उपचारांच्या सारांशाची. कोणती औषधे, एकूण किती मात्रेत, रेडिएशन नेमके कुठे आणि किती, हे सर्व जिथे उपचार झाले त्या रुग्णालयातून लेखी माग. फाइल क्रमांक आईकडे असेलच. सायक्लोफॉस्फामाइड आणि ओटीपोटावरचे रेडिएशन यांमुळे बीजांडांचा साठा कमी झालेला असू शकतो व पाळी लवकर थांबू शकते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एएमएचची (हा साठा दाखवणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी आणि सोनोग्राफी आत्ताच करून घे. बीजांडे गोठवून ठेवायची असतील तर ती वेळ विशीतली असते, तिशीतली नव्हे. रेडिएशन गर्भाशयापर्यंत पोहोचले असेल तर पुढे गरोदरपणात ते प्रसूतितज्ज्ञांना आधीच सांगावे लागेल. आयफॉस्फामाइड दिले असेल तर मूत्रपिंडाची, डॉक्सोरुबिसिन दिले असेल तर हृदयाची इको तपासणी करावी. लघवीत रक्त दिसले तर ते उष्णतेवर ढकलू नकोस. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात या तपासण्यांची सुरुवात होऊ शकेल. लग्नाच्या बोलण्यांत कोणाला किती सांगायचे हा तुझा निर्णय आहे, पण निकाल आधी तुझ्या हातात असू देत.